कॅच कुस्ती व तिचे आद्य मल्ल

इंग्लंडच्या लँकाशर परगण्यात उगम पावलेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत भरभराटीस आलेला मुक्त कुस्तीचा एक प्रकार. ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ हे त्याचे मूळ इंग्रजी नाव असून ‘जमेल तशी व सापडेल तेथे पकड घ्यावी’ असा त्याचा अर्थ आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली पकड घेण्याची, पायांचा उपयोग करून डाव मारण्याची आणि दोन्ही मल्ल खाली आल्यावर जमिनीवर झुंज चालू ठेवण्याची मुभा हे या कुस्तीचे प्रमुख विशेष होत. ऑलिंपिक सामन्यांतील फ्रीस्टाइल कुस्ती याच प्रकारातून विकसित झाली. सु. १८८० ते १९२० हा कॅच कुस्तीचा आद्य वैभवकाळ मानला जातो. या काळातील सर्वश्रेष्ठ मल्ल कोण, हा कुस्तीच्या इतिहासातील एक जुना वाद आहे. फ्रँक गॉच, जॉर्ज हॅकेनश्मिट, मार्टिन बर्न्स, जो स्टेकर यांची नावे त्यात प्रामुख्याने घेतली जातात. भारतीय वाचकांच्या दृष्टीने गामा पहिलवान याचाही त्यात अपरिहार्यपणे विचार करावा लागतो. हा वाद केवळ नावांच्या क्रमवारीचा नाही. कोणत्या नियमांनी लढलेली कुस्ती खरी मानावी, कोणत्या निकालावर विश्वास ठेवावा आणि ज्याच्याशी लढणे टळले त्याच्यासंबंधी काय म्हणावे, हे प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

उगम व नियम : लँकाशरमधील विगन, बोल्टन व त्यांच्या आसपासच्या गावांतील कोळसा खाणींत आणि सूतगिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांमध्ये ही कुस्ती रूढ होती. वजनाची अट ठरवून व पैजेची रक्कम आधी जमा करून कुस्त्या लावल्या जात. इंग्लंडमधील कंबरलंड व वेस्टमोरलंड येथील कुस्तीत दोन्ही मल्लांनी पाठीमागे हात गुंफून सुरुवात करावी लागे आणि जमिनीला स्पर्श होताच कुस्ती संपत असे. लँकाशरच्या कुस्तीत मात्र अशी ठराविक पकड नव्हती. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकल्याशिवाय निकाल लागत नसे आणि खाली पडलेल्या मल्लालाही उलटून वर येण्याची संधी मिळे. मुष्टियुद्धाच्या क्वीन्सबरी नियमांशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या जॉन ग्रॅहॅम चेंबर्स याने १८७० नंतरच्या दशकात लंडनमध्ये या प्रकाराचा पुरस्कार केला.

यूरोप खंडात त्या काळी ग्रीको-रोमन कुस्तीचे वर्चस्व होते. तीत कमरेखाली पकड घेण्यास व पायांचा उपयोग करण्यास मनाई असते. त्यामुळे बाहू, छाती व पाठ यांच्या ताकदीला विशेष महत्त्व येते. कॅच कुस्तीत पट काढणे, टांग मारणे, पाय पिरगळणे, मनगट व खांदा मुरगळणे, मान दाबणे अशा अनेक डावांना वाव असतो. वेदना देणाऱ्या पकडीचा मूळ हेतू प्रतिस्पर्ध्याला उलटण्यास भाग पाडून त्याचे खांदे टेकविणे हा होता. तथापि वेदना असह्य झाल्यास मल्ल हार पत्करीत असे व तोही निकाल ग्राह्य धरला जाई. गळा आवळण्याची पकड वैध की अवैध, हे बहुधा प्रत्येक कुस्तीच्या करारात वेगळे लिहिले जाई. तीन झुंजींपैकी दोन जिंकणारा विजयी, ही मोठ्या कुस्त्यांची सर्वसाधारण पद्धत होती. आपल्याकडील मातीतील कुस्तीशी या प्रकाराचे बरेच साम्य आहे. दोहोंतही सर्वांगाची पकड चालते आणि प्रतिस्पर्ध्यास चीत करणे हेच ध्येय असते. मात्र कॅच कुस्ती गादीवर होई, मल्लाच्या अंगाला माती नसे आणि सांधे पिरगळणाऱ्या पकडींचा वापर तीत अधिक मोकळेपणाने केला जाई.

अमेरिकेतील प्रसार : १८८० च्या सुमारास एडविन बिबी, जो ॲक्टन इ. लँकाशरचे मल्ल अमेरिकेत गेले. ॲक्टनचे वजन जेमतेम ६८ किग्रॅ. असूनही त्याने बरेच वजनदार मल्ल पाडले. त्यामुळे ताकदीपेक्षा डावपेचांना महत्त्व देणारी ही कुस्ती तेथील प्रेक्षकांच्या पसंतीस उतरली. विस्कॉन्सिन, आयोवा, नेब्रॅस्का या मध्य-पश्चिमेकडील शेतीप्रधान राज्यांत ती विशेष रुजली. जत्रा, सर्कशी व नाटकगृहे यांतून फिरणारा मल्ल स्थानिक लोकांना आव्हान देई आणि ठराविक मिनिटे टिकून राहणाऱ्यास बक्षीस मिळे. अशा खुल्या आव्हानात समोर कोण उभा राहील याची कल्पना नसल्याने प्रतिस्पर्ध्याला झटपट नमविणाऱ्या पकडी मल्लाला अवगत असणे आवश्यक होते. कॅच कुस्तीतील कठोर पकडींचा विकास होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

पुराव्याचे स्वरूप : या काळातील मल्लांची तुलना करताना तीन अडचणी येतात. पहिली अडचण संख्यांची आहे. बर्न्स सहा हजारांहून अधिक कुस्त्या लढला व त्यांपैकी केवळ सातच हरला, असे सर्रास लिहिले जाते. गामाच्या बाबतीतही पाच हजार कुस्त्यांचा उल्लेख आढळतो. तीस वर्षांत सहा हजार कुस्त्या म्हणजे दरवर्षी दोनशे होतात. जत्रेतील एका संध्याकाळी चार-पाच हौशी तरुणांना पाडणे हेही या गणनेत धरले, तरच हा आकडा संभवतो. अशा विजयांवरून मल्लाचा दमसास कळतो; त्याची श्रेष्ठता ठरविता येत नाही.

दुसरी अडचण पैजांची आहे. मोठ्या कुस्त्यांवर भरपूर पैसा लावला जाई आणि त्यामुळे निकाल आधी ठरविण्याचे प्रकार घडत. जॉन मॅब्रे याच्या टोळीवर १९१० मध्ये आयोवा राज्यातील कौन्सिल ब्लफ्स येथे चाललेल्या खटल्यात, बनावट कुस्त्या, मुष्टियुद्धे व घोड्यांच्या शर्यती यांद्वारे अनेकांना लुबाडल्याचे सिद्ध झाले. स्वतः गॉच १९०१ मध्ये क्लॉन्डाइकच्या सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात ‘फ्रँक केनेडी’ या खोट्या नावाने कुस्त्या खेळला होता. अनोळखी मल्ल म्हणून उतरायचे व पैजा जिंकायच्या, हा त्यामागील हेतू होता. १ डिसेंबर १९०६ रोजी न्यू ऑर्लीअन्स येथे त्याच्यापेक्षा बराच हलका असलेल्या फ्रेड बील याने त्याला हरविले आणि अवघ्या सोळा दिवसांनी कॅन्सस सिटी येथे गॉचने ते विजेतेपद परत मिळविले. या कुस्त्यांविषयी अनेक अभ्यासकांनी संशय व्यक्त केला आहे. म्हणून नुसता निकाल वाचून भागत नाही; ती कुस्ती कोठे, कोणत्या अटींवर व कोणाच्या पैशाने लागली, हेही पाहावे लागते.

तिसरी अडचण नियमांच्या भिन्नतेची आहे. एकच मल्ल आज ग्रीको-रोमन, उद्या कॅच व परवा मिश्र नियमांनी लढत असे. हॅकेनश्मिटचे बहुतेक कीर्तिकारक विजय ग्रीको-रोमन पद्धतीचे आहेत. ते कॅच कुस्तीतील श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून पुढे करता येत नाहीत. पण त्या विजयांमुळे सिद्ध होणारे त्याचे सामर्थ्य नाकारणेही योग्य नव्हे.

पहिली पिढी : अमेरिकेतील पहिला नामांकित कॅच मल्ल म्हणजे विस्कॉन्सिनचा ईव्हान लूइस (१८६०–१९१९) होय. गळा आवळण्याच्या त्याच्या पकडीमुळे त्याला ‘स्ट्रँग्लर’ म्हणजे ‘गळा आवळणारा’ असे टोपणनाव मिळाले. १८८६ मध्ये शिकागो येथे जपानी मल्ल सोराकिची मात्सुदा याच्याशी झालेल्या कुस्तीत त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायाला गंभीर दुखापत केली आणि त्याच्या निर्दयपणाविरुद्ध ओरड झाली. पुढील वर्षी त्याने ॲक्टनला नमविले. २ मार्च १८९३ रोजी न्यू ऑर्लीअन्स येथे ग्रीको-रोमन विजेता अर्न्स्ट रोबर याला मिश्र नियमांच्या कुस्तीत हरवून त्याने दोन्ही प्रकारांतील अमेरिकन विजेतेपदे आपल्याकडे घेतली.

२० एप्रिल १८९५ रोजी शिकागो येथे लूइसचा पराभव करणारा मार्टिन बर्न्स (१८६१–१९३७) आयोवाचा. तो एकदा गुरे-डुकरांच्या विक्रीसाठी शिकागोला गेला असता शेतकऱ्याच्या पोशाखातच रंगमंचावर चढला व तेथील नामांकित मल्लांपुढे ठरलेला वेळ टिकून राहिला. तेव्हापासून ‘फार्मर’ हे नाव त्याला चिकटले, अशी आख्यायिका आहे. त्याचे वजन ७५ किग्रॅ.च्या आसपास होते. मानेच्या ताकदीबद्दल त्याची विशेष ख्याती होती. गळ्यात फास अडकवून उंचावरून खाली पडण्याचा प्रयोग तो जत्रांत करून दाखवीत असे. तथापि बर्न्सचे खरे महत्त्व वस्ताद म्हणून आहे. डाव विस्कळीतपणे न शिकविता पकड, तिची सोडवणूक व त्या सोडवणुकीवरील तोड अशा क्रमाने शिकविण्याची पद्धत त्याने बसविली. १९१२ नंतर कुस्ती व शरीरसंवर्धन यांचे धडे टपालाने पाठविण्याचा अभ्यासक्रमही त्याने चालविला. गॉच व पुढे अर्ल कॅडॉक हे त्याच्या तालमीत तयार झाले. १८९७ मध्ये डॅन मॅक्लाउडने बर्न्सला हरविले. परंतु त्याच्या शिष्यपरंपरेने पुढील वीस वर्षे अमेरिकन कुस्तीवर वर्चस्व गाजविले.

बर्न्स व गॉच यांच्या दरम्यानच्या काळातील टॉम जेंकिन्झ (१८७२–१९५७) याची या वादात बहुधा उपेक्षा होते. ओहायओ राज्यातील पोलादाच्या गिरणीत काम करणारा हा मल्ल एका डोळ्याने अंध होता. शास्त्रशुद्ध डावांपेक्षा दांडगाई व चिकाटी यांवर त्याची भिस्त असे. १९०३ व १९०५ मध्ये त्याने गॉचला हरविले. १९०४ व १९०६ मध्ये गॉचने त्याला हरविले. गॉचशी बरोबरीच्या नात्याने पुनःपुन्हा झुंजलेला हा एकमेव मल्ल म्हणता येईल. पुढे अनेक वर्षे त्याने वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत कुस्तीचे शिक्षण दिले.

गॉच व हॅकेनश्मिट : फ्रँक गॉच (१८७७–१९१७) हा आयोवा राज्यातील हंबोल्ट गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात जन्मला. १८९९ च्या डिसेंबरमध्ये फोर्ट डॉज येथे बर्न्सचे आव्हान स्वीकारून तो सु. अकरा मिनिटे टिकला व हरला. बर्न्सने त्याच्यातील गुण ओळखून त्याला शिष्य म्हणून पत्करले. उंची सु. १८० सेंमी., वजन सु. ९५ किग्रॅ., हालचालींत विलक्षण चपळाई आणि अखेरपर्यंत न ओसरणारा दम ही त्याची वैशिष्ट्ये होती. प्रतिस्पर्ध्याला पालथा पाडून त्याच्या पायाचा पंजा धरावयाचा व घोटा आणि गुडघा एकाच वेळी पिरगळावयाचे, ही त्याची पकड इतकी प्रसिद्ध झाली की, तिच्या भीतीने सावध झालेला प्रतिस्पर्धी दुसऱ्याच डावाला बळी पडत असे. प्रतिस्पर्ध्याला चिडविणे, दुखविणे, त्याच्या मनात धास्ती निर्माण करणे यांतही तो वाकबगार होता. त्याच्या टीकाकारांचा मुख्य रोख याच वृत्तीवर आहे.

जॉर्ज हॅकेनश्मिट (१८७७–१९६८) हा तत्कालीन रशियन साम्राज्यातील एस्टोनियात डॉर्पाट (सांप्रतचे तार्तू) येथे जन्मला. सेंट पीटर्सबर्ग येथे डॉ. क्रायेव्ह्‌स्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने वजने उचलण्यात व ग्रीको-रोमन कुस्तीत प्रावीण्य मिळविले. ‘रशियन सिंह’ हे त्याचे लोकप्रिय नाव. ३० जानेवारी १९०४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात तुर्की मल्ल अहमद मद्राली याला त्याने एका मिनिटाच्या आत पाडले, तेव्हा इंग्लंडमध्ये कुस्तीची लाट उसळली. ४ मे १९०५ रोजी न्यूयॉर्क येथे कॅच नियमांनी जेंकिन्झला हरवून त्याने जगज्जेतेपदावरील आपला हक्क बळकट केला. तो सुस्वभावी, वाचनप्रिय व बहुभाषी होता. द वे टू लिव्ह (१९०८) हे त्याचे व्यायामविषयक पुस्तक दीर्घकाळ वाचले गेले. उत्तरायुष्यात त्याने तत्त्वज्ञानपर लेखन केले.

या दोघांची पहिली कुस्ती ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोच्या डेक्स्टर पार्क पॅव्हिलियनमध्ये झाली. सु. दोन तास बहुतेक वेळ उभ्याउभ्याच खडाखडी चालली. गॉचने प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर भार टाकून त्याला थकविले आणि अखेर पाठीमागे जाऊन त्याला खाली आणले. हॅकेनश्मिटने हार मान्य केली व दुसऱ्या झुंजीस तो उभा राहिला नाही. कुस्तीनंतर लगेच त्याने गॉचची प्रशंसा केली. परंतु इंग्लंडला परतल्यावर गॉचने अंगाला तेल लावले होते, नखांनी ओरबाडले व अंगठ्याने डोळ्यांना इजा करण्याचा प्रयत्न केला, अशी तक्रार त्याने केली. या तक्रारीत काही तथ्य असले, तरी दोन तासांच्या झुंजीत हॅकेनश्मिटचा दम संपला होता, हेही तितकेच खरे आहे. मद्रालीसारख्या प्रतिस्पर्ध्यावर काही क्षणांत विजय मिळविणारी त्याची ताकद दीर्घ झुंजीत पुरी पडली नाही.

दुसरी कुस्ती ४ सप्टेंबर १९११ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर सु. ३०,००० प्रेक्षकांसमोर झाली. गॉचने दोन्ही झुंजी मिळून अवघ्या वीस मिनिटांच्या आत जिंकल्या. हॅकेनश्मिटचा गुडघा सरावात दुखावलेला होता. ही दुखापत आपण गॉचच्या पक्षाकडून पाच हजार डॉलर घेऊन मुद्दाम केली, असे ॲड सँटेल याने पुढे सांगितल्याचे नमूद आहे. स्वतः हॅकेनश्मिटच्या सांगण्यानुसार मात्र सरावातील जोडीदार डॉ. बेंजामिन रोलर याच्याकडून ती अपघाताने झाली. दोन्ही हकीकती एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. ज्याला इजा झाली त्याचे कथन अधिक ग्राह्य धरणे सयुक्तिक असले, तरी निष्कर्षात फरक पडत नाही : १९११ ची कुस्ती दोघांच्या तुलनेसाठी निरुपयोगी ठरते आणि सारा भार १९०८ च्या एकाच कुस्तीवर येतो.

गामाचा प्रश्न : गुलाम मुहम्मद ऊर्फ गामा (१८७८–१९६०) हा भारतीय मल्ल १९१० मध्ये आपला भाऊ इमाम बक्ष याच्यासह लंडनला गेला. त्याची उंची सु. १७० सेंमी. असल्याने प्रथम त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. तेव्हा त्याने कोणाही मल्लाला उघड आव्हान दिले. ८ ऑगस्ट १९१० रोजी अल्हँब्रा नाट्यगृहात त्याने वर उल्लेखिलेल्या डॉ. रोलरला दोनदा चीत केले. त्यांपैकी पहिली झुंज दोन मिनिटांच्या आत संपली. इमाम बक्षनेही स्विस मल्ल जॉन लेम याला काही मिनिटांतच हरविले. गॉच व हॅकेनश्मिट या दोघांशीही गामाची कुस्ती कधीच होऊ शकली नाही.

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमधील शेफर्ड्‌स बुश येथील मैदानावर पोलिश मल्ल स्टानिस्लाउस झ्बिस्को (१८७९–१९६७) व गामा यांची कुस्ती झाली. प्रारंभीच खाली गेलेला झ्बिस्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी गादीला चिकटून राहिला. गामा सतत वर राहून हल्ले करीत होता; पण जड व रुंद देहाच्या झ्बिस्कोला उलटविणे त्याला जमले नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला ती पुन्हा व्हावयाची होती. त्या दिवशी झ्बिस्को हजर राहिला नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा व अडीचशे पौंडांची रक्कम गामाला देण्यात आली.

या घटनेवरून दोन परस्परविरुद्ध अनुमाने काढली जातात. त्याच वर्षी १ जून रोजी गॉचने शिकागो येथे झ्बिस्कोला सरळ दोन झुंजींत हरविले होते. गामाला मात्र तो पाडता आला नाही. म्हणून गॉच श्रेष्ठ, असे अमेरिकन लेखक म्हणतात. परंतु त्या दिवशीची पहिली झुंज गॉचने काही सेकंदांत जिंकली ती झ्बिस्को हस्तांदोलनासाठी हात पुढे करीत असता, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय नोव्हेंबर १९०९ मध्ये बफलो येथे एक तासाच्या कुस्तीत गॉचलाही झ्बिस्कोला चीत करता आले नव्हते. याउलट, झ्बिस्को गामापुढे पालथा पडून राहिला व नंतर आलाच नाही. म्हणून गामा अजिंक्य, असे भारतीय लेखक मानतात. येथेही तंत्राचा भाग दुर्लक्षून चालत नाही. पोटावर पडून अंग जमिनीला चिकटविणे ही ग्रीको-रोमन कुस्तीतील अभ्यस्त बचावपद्धती असून तिच्यावर मात करण्यासाठी कॅच मल्ल पाय व सांधे पिरगळणाऱ्या पकडी वापरीत. गॉचचे हे खास शस्त्र होते. गामाच्या कुस्तीत त्याला तेवढे स्थान नव्हते. १९२८ च्या जानेवारीत पतियाळा येथे मातीच्या आखाड्यात हे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केले. झ्बिस्को त्या वेळी पन्नाशीच्या जवळ आलेला होता. पण गामाचेही वय तितकेच होते.

सारांश, सामाईक प्रतिस्पर्ध्यावरून गॉच व गामा यांची तुलना करता येत नाही. निर्विवाद एवढेच म्हणता येते की, गामाशी न लढता मिरविलेले ‘जगज्जेतेपद’ हे फार तर यूरोप व अमेरिका यांपुरते खरे होते. त्या काळी जगज्जेतेपद देणारी कोणतीही आंतरराष्ट्रीय संस्था व्यावसायिक कुस्तीत नव्हती. आव्हान कोणाचे स्वीकारावयाचे हे विजेता व त्याचा व्यवस्थापक ठरवीत. अशा व्यवस्थेत दूरदेशीच्या मल्लाला डावलणे सोपे होते.

गॉचनंतरची पिढी : नेब्रॅस्काच्या जो स्टेकर (१८९३–१९७४) याने ५ जुलै १९१५ रोजी ओमाहा येथे चार्ली कटलरला हरवून विजेतेपद मिळविले. पायांची कैची घालून प्रतिस्पर्ध्याची कंबर आवळणे हा त्याचा हुकमी डाव होता. धान्याची पोती पायांत दाबून त्याने हा सराव केला, असे सांगतात. गॉच व स्टेकर यांची कुस्ती व्हावी अशी लोकांची फार इच्छा होती. परंतु १९१६ च्या जुलैमध्ये प्रात्यक्षिकाच्या वेळी गॉचचा पाय मोडला व पुढील वर्षाच्या डिसेंबरमध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला. ४ जुलै १९१६ रोजी ओमाहा येथे स्टेकर व एड लूइस (सु. १८९०–१९६६) यांची कुस्ती सु. पाच तास चालून बरोबरीत सुटली. आधीच्या ईव्हान लूइसवरूनच एडने आपले नाव व ‘स्ट्रँग्लर’ ही उपाधी घेतली होती. त्याचे मूळ नाव रॉबर्ट फ्रीड्रिख. बर्न्सचा शिष्य अर्ल कॅडॉक (१८८८–१९५०) याने ९ एप्रिल १९१७ रोजी स्टेकरला हरविले. तो नंतर पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढला व तेथे विषारी वायूची बाधा होऊन परतला. ३० जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टेकरने त्याच्याकडून विजेतेपद परत घेतले. दोन तासांहून अधिक चाललेल्या या कुस्तीची चित्रफीत उपलब्ध असून त्या युगातील कॅच कुस्तीचे प्रत्यक्ष दर्शन घडविणारा तो दुर्मिळ पुरावा आहे.

यानंतर व्यावसायिक कुस्तीचे स्वरूप बदलले. एड लूइस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो व जो मॉन्ट यांनी वेळमर्यादा, वेगवान डाव आणि पूर्वनियोजित निकाल यांवर आधारलेले प्रयोग गावोगाव सुरू केले. एड लूइस हा खराखुरा जबरदस्त मल्ल होता, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. परंतु त्याच्या बहुतेक कुस्त्या याच व्यवस्थेत लागल्यामुळे त्याचे सामर्थ्य निकालांवरून मोजता येत नाही.

मूल्यमापन : उपलब्ध पुराव्याची छाननी केली असता एकच नाव सर्व कसोट्यांवर प्रथम येत नाही. कॅच नियमांनी, त्या काळातील सर्वांत नामांकित प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळविलेले विजय ही कसोटी लावली, तर गॉचला अग्रस्थान द्यावे लागते. त्याची वागणूक व त्याच्या काही कुस्त्यांविषयीचा संशय यांमुळे त्याची प्रतिमा डागाळते; तरीही १९०८ ची कुस्ती त्याने आपल्या कौशल्यावर व दमावर जिंकली, याविषयी शंका घेण्यास सबळ कारण नाही. वजनाच्या मानाने कौशल्य व विद्येचा प्रसार या दृष्टींनी बर्न्स सर्वांत थोर ठरतो. हॅकेनश्मिट हा ग्रीको-रोमन कुस्तीतील अग्रगण्य मल्ल होता आणि कॅच कुस्तीत त्याने पत्करलेल्या पराभवांमुळे ते स्थान ढळत नाही. स्टेकरची गॉचशी गाठ पडली नाही, हे त्याचे दुर्दैव. गामा कॅच परंपरेतील मल्ल नव्हता. म्हणून त्याला त्या यादीत बसविण्याचा अट्टाहास करणे योग्य नव्हे. मात्र त्याच्या उल्लेखावाचून ‘जगातील सर्वश्रेष्ठ’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

वारसा : १९०४ च्या सेंट लूइस ऑलिंपिकमध्ये कॅच पद्धतीच्या कुस्तीचा समावेश झाला, त्या स्पर्धेतील बहुतेक सर्व मल्ल अमेरिकन होते. पुढे धोकादायक पकडी वगळून व गुणदानाची पद्धत आणून तिला फ्रीस्टाइलचे रूप देण्यात आले. भारतीय मल्लांना हा प्रकार ग्रीको-रोमनपेक्षा जवळचा वाटला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रणधीर शिंदे यांनी फ्रीस्टाइलच्या फेदरवेट गटात चौथे स्थान मिळविले आणि १९५२ मध्ये हेल्सिंकी येथे सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक पटकाविले. लँकाशरच्या जुन्या फेडींतील व्यक्तींच्या नातवंडांना शोभेल असा मूळ विद्येचा सांभाळ विगन येथे बिली रायली याच्या तालमीत झाला. तेथे शिकलेला बेल्जियन मल्ल कार्ल इस्टाझ याने फ्रँक गॉचच्या स्मरणार्थ ‘कार्ल गॉच’ हे नाव धारण केले व जपानमध्ये कॅच कुस्तीची परंपरा रुजविली. विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेल्या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धांत या परंपरेतील सांधे पिरगळण्याच्या पकडी पुन्हा वापरात आल्या आणि त्यामुळे आद्य कॅच मल्लांविषयीच्या जुन्या नोंदींचा अभ्यासही नव्याने होऊ लागला.